कोड रीडर बसवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येत राहिली : उत्पादनाच्या लाइनवर बसवलेला कोड रीडर, म्हणजे वस्तूवरचे बारकोडसारखे कोड वाचणारे यंत्र, मधूनच कोड वाचत नाही आणि त्याचे कारण सापडत नाही. पत्रे वाचताना असे दिसले की बहुतेकांनी रीडरच्या आतली सेटिंग अनेकदा बदलून पाहिली आहे, पण रीडर ज्या ब्रॅकेटवर बसला आहे त्याला कोणी हात लावलेला नाही. माझ्या मते क्रम याच्या नेमका उलट हवा. जे रीडरला दिसतच नाही ते कोणतेही सॉफ्टवेअर वाचून देऊ शकत नाही. आणि त्याला काय दिसेल हे त्याचे अंतर, त्याचा कोन, पडणारा उजेड आणि चित्र टिपण्याचा क्षण यांवर ठरते. म्हणून या वेळची सर्व जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : चकचकीत फिल्मच्या पाकिटावर छापलेला बारकोड वाचण्यासाठी आम्ही रीडर माल वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या बरोबर वर, सरळ खाली पाहील असा बसवला आहे. पाकीट हातात धरून रीडरखाली नेले की कोड लगेच वाचला जातो. पट्ट्यावरून जाताना मात्र कधी वाचतो, कधी नाही. रीडरमध्येच दोष असावा का?
– वेष्टन विभागातील एक पर्यवेक्षक

उत्तर : हातात धरलेले पाकीट वाचले जाते, यातच अर्धे उत्तर आहे. हातातले पाकीट कधीच रीडरला अगदी समांतर नसते. ते नकळत थोडे कललेले असते. पट्ट्यावर मात्र ते सपाट पडलेले असते आणि आपला रीडर त्याच्याकडे काटकोनात पाहतो. रीडरचे दिवे लेन्सच्या भोवतीच असल्यामुळे त्यांचा उजेड चकचकीत फिल्मवरून आरशासारखा परततो आणि थेट लेन्समध्ये शिरतो. चित्रात त्या जागी पांढरा डाग उमटतो आणि डागाखालच्या काळ्या रेघाही पांढऱ्या दिसतात. तेवढ्या भागातली माहिती चित्रातून पुसली गेलेली असते, त्यामुळे नंतर कोणतेही सेटिंग बदलून ती परत येत नाही.

उपाय म्हणजे रीडर काटकोनातून साधारण १५ अंश कलता बसवणे. परावर्तनाचा कोन आपाती कोनाइतकाच असल्यामुळे रीडर १५ अंश कलला की चमक लेन्सपासून ३० अंश दूर जाते, आणि लेन्समध्ये फक्त छपाईवरून सर्व बाजूंना विखुरलेला उजेड पोहोचतो. १५ हा आकडा अटळ नाही. १० ते २० अंशांच्या दरम्यान बहुतेक वेळा काम होते. मात्र कल वाढवत नेण्याचा मोह टाळावा. १५ अंशांवर कोडची एक बाजू चित्रात जेमतेम साडेतीन टक्क्यांनी आखूड दिसते. ४५ अंशांवर ती जवळजवळ ३० टक्क्यांनी आखूड होते. शिवाय कलामुळे कोडचे एक टोक रीडरजवळ आणि दुसरे दूर जाते. ६० मिलिमीटर लांबीच्या कोडमध्ये १५ अंशांच्या कलाने हा फरक सुमारे १५ मिलिमीटर, तर ४५ अंशांनी ४२ मिलिमीटर होतो, आणि एवढ्या फरकात दोन्ही टोके एकाच वेळी स्पष्ट दिसणे कठीण असते.

कल कोणत्या दिशेने द्यावा याचा विचार फारसा कोणी करत नाही, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. बारकोडमधली माहिती रेघांच्या रुंदीत असते, लांबीत नसते. त्यामुळे रीडर रेघांच्या लांबीच्या दिशेने कलवावा. मग आखूड होते ती रेघांची लांबी. रुंदी जशीच्या तशी राहते. उलट दिशेने कलवल्यास आधीच बारीक असलेल्या रेघा आणखी बारीक दिसू लागतात.

फिल्म सुरकुतलेली असेल तर एवढ्याने भागेलच असे नाही. प्रत्येक सुरकुतीचा पृष्ठभाग वेगळ्याच दिशेला तोंड करून असतो, त्यामुळे त्यांतली एखादी चमक लेन्समध्ये उतरतेच. अशा वेळी दिव्यावर आणि लेन्सवर परस्परांशी काटकोनात ठेवलेले ध्रुवीकरण फिल्टर उपयोगी पडतात : आरशासारखी चमक आपले ध्रुवीकरण टिकवून ठेवते म्हणून लेन्सवरच्या फिल्टरमध्ये अडते, तर छपाईवरून विखुरलेला उजेड ते गमावून बसतो म्हणून त्यातला काही भाग पार होतो. फिल्टरमुळे उजेड बराच कमी होतो, त्याची भरपाई मात्र दुसरीकडून करावी लागते.

आणखी एक विनंती. कॅमेऱ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या बहुतेक रीडरमध्ये न वाचल्या गेलेल्या कोडचे चित्र साठवण्याची सोय असते. ती सुरू करावी आणि दिवसभरात साठलेली चित्रे एकेक करून पाहावीत. पांढरा डाग, धूसर कडा, कोडचा कापला गेलेला कोपरा, फिकट छपाई ही प्रत्येक खूण वेगळ्या कारणाकडे बोट दाखवते. ही चित्रे न पाहता केलेली दुरुस्ती अंदाजपंचे असते.

प्रश्न : लाइनवर मोठ्या आकाराची खोकी येऊ लागल्याने रीडर वर सरकवला. पूर्वी त्याच्या चित्रात १०० मिलिमीटर रुंदीचा भाग मावत असे, आता १५० मिलिमीटर मावतो. रीडरच्या चित्राची रुंदी १२८० पिक्सेल आहे. मोठे बारकोड वाचले जातात, पण छोटे डेटा मॅट्रिक्स कोड (काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या जाळीचे द्विमितीय कोड) वाचणे जवळपास बंद झाले आहे. त्यांतला सर्वांत लहान चौकोन पाव मिलिमीटरचा आहे.
– एक देखभाल तंत्रज्ञ

उत्तर : आपण आकडे दिलेत, त्यामुळे उत्तर सरळ गणितातून काढता येते. पूर्वी १०० मिलिमीटरमध्ये १२८० पिक्सेल होते, म्हणजे दर मिलिमीटरला १२.८, पाव मिलिमीटरच्या चौकोनाच्या वाट्याला ३.२ पिक्सेल येत होते. आता दर मिलिमीटरला सुमारे ८.५ पिक्सेल आहेत आणि चौकोनाच्या वाट्याला जेमतेम २.१. छापील द्विमितीय कोडसाठी प्रत्येक चौकोनाला निदान तीन पिक्सेल मिळावेत, चार-पाच मिळाल्यास उत्तम. धातूवर थेट कोरलेल्या कोडला पाच किंवा अधिक द्यावेत. साध्या रेघांच्या बारकोडचे मात्र सर्वांत बारीक रेघेला दोन पिक्सेल मिळाले तरी सहसा निभावते, कारण तीच रेघ लांबीभर पुनःपुन्हा तपासता येते. आपले मोठे कोड का वाचतात आणि छोटे का नाहीत, याचा खुलासा एवढाच आहे. हे गणित ब्रॅकेटला भोके पाडण्यापूर्वी कागदावर करावे, अशी माझी प्रत्येकाला विनंती असते.

आता रीडर खाली आणावा तर उंच खोकी आणि बुटकी खोकी यांच्या उंचीतला फरक आड येतो. रीडर जितका जवळ, तितका स्पष्ट दिसण्याचा पल्ला लहान. लेन्सचे छिद्र बारीक केले तर हा पल्ला वाढतो, पण उजेड घटतो. आपोआप फोकस बदलणाऱ्या लेन्सचे रीडर मिळतात. मात्र प्रत्येक खोक्यागणिक फोकस बदलायला वेळ लागतो आणि वेगवान लाइनवर तो मिळेलच असे नाही. मला विचाराल तर मी आधी यंत्रणेची मांडणी तपासीन. कोड खोक्याच्या बाजूवर लावता येत असेल, तर पट्ट्याच्या एका कडेला मार्गदर्शक पट्टी बसवून सर्व खोकी तिला घासून पुढे जातील अशी व्यवस्था करावी आणि रीडर त्याच बाजूने आडवा बसवावा. मग खोके केवढेही असो, कोडचे रीडरपासूनचे अंतर बदलत नाही. ही पट्टी महागड्या लेन्सपेक्षा अधिक भरवशाची ठरते, कारण तिच्यात बिघडण्यासारखे फार थोडे असते.

अंतर कमी करताना चित्र इतकेही आखडू नये की कोड कडेला टेकेल. कोडभोवतीची कोरी जागा हा कोडचाच भाग आहे : डेटा मॅट्रिक्सला चारही बाजूंनी एका चौकोनाएवढी, क्यूआर कोडला चार चौकोनांएवढी, तर कोड १२८ प्रकारच्या बारकोडला दोन्ही टोकांना सर्वांत बारीक रेघेच्या दहापट कोरी जागा लागते. ही जागा आणि लेबल चिकटवताना होणारी सरकासरक दोन्ही चित्रात मावली पाहिजेत.

प्रश्न : आम्ही पट्ट्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरवरून ०.६ मीटर केला. रीडरची जागा, कोन, काहीही बदललेले नाही. तरीही न वाचल्या जाणाऱ्या खोक्यांची संख्या एकदम वाढली. ट्रिगरचा, म्हणजे चित्र टिपण्याचा क्षण ठरवणारा, सेन्सर पीएलसीला (लाइन चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाला) जोडलेला आहे आणि पीएलसी रीडरला संकेत देतो.
– उत्पादन अभियंता

उत्तर : इथे दोन वेगवेगळी कारणे एकत्र येत असण्याची शक्यता आहे आणि ती वेगळी करून पाहणे गरजेचे आहे.

पहिले कारण म्हणजे चित्र फाकणे. सेकंदाला ०.६ मीटर म्हणजे ६०० मिलिमीटर. एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी उजेड घेण्याचा काळ, एक मिलिसेकंद असेल तर तेवढ्या वेळात कोड ०.६ मिलिमीटर पुढे सरकतो. कोडमधला चौकोन ०.३ मिलिमीटरचा असेल, तर तो आपल्या रुंदीच्या दुप्पट अंतरावर पसरून चित्रात उमटतो. शेजारच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत फरकच उरत नाही. हे सरकणे चौकोनाच्या निम्म्याच्या आत ठेवावे, जमल्यास एक तृतीयांशाच्या आत. निम्मे म्हणजे ०.१५ मिलिमीटर, आणि त्यासाठी एक्स्पोजर पाव मिलिसेकंदापेक्षा अधिक चालणार नाही. पण एक्स्पोजर चतुर्थांश केले की उजेडही चतुर्थांशच मिळतो. तो भरून काढण्यासाठी सगळ्यांचा हात प्रथम गेनकडे, म्हणजे टिपलेला संकेत वाढवण्याच्या सेटिंगकडे जातो, आणि तिथेच चूक होते. गेन वाढवल्याने उजेड वाढत नाही, चित्र नुसते उजळ दिसते आणि त्यातले दाणे ठळक होतात. आधी दिवा जवळ आणावा किंवा स्वतंत्र बाहेरचा दिवा लावावा. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले तर उजेड जवळजवळ चौपट होतो. मोठ्या पसरट दिव्याला मात्र हा हिशेब इतका काटेकोरपणे लागू पडत नाही.

जाता जाता एक सोयीची गोष्ट सांगतो. साध्या बारकोडच्या रेघा पट्ट्याच्या प्रवासाच्या दिशेला समांतर असतील, तर फाकणे रेघेच्या लांबीवर पडते आणि वाचनात त्याची फारशी बाधा येत नाही. लेबल चिकटवण्याची दिशा बदलणे आपल्या हातात असेल, तर अनेकदा दिवा वाढवण्याची गरजही पडत नाही. द्विमितीय कोडला मात्र ही सवलत नाही.

दुसरे कारण ट्रिगरचे आहे. पीएलसी आपला प्रोग्राम एकामागून एक फेऱ्यांत चालवतो. फेरीला १० मिलिसेकंद लागत असतील, तर सेन्सरचा संकेत फेरीच्या कोणत्या टप्प्यावर आला यावरून पुढचा संकेत निघायला कमी-अधिक उशीर होतो. सेकंदाला ६०० मिलिमीटर वेगाने १० मिलिसेकंदांत खोके ६ मिलिमीटर पुढे जाते. म्हणजे कोड चित्रात प्रत्येक वेळी ६ मिलिमीटरपर्यंत इकडेतिकडे दिसू शकतो. पूर्वीच्या वेगाला हाच फरक ३ मिलिमीटर होता आणि चित्राच्या कडेची मोकळी जागा तो झाकून घेत होती. सेन्सर थेट रीडरच्या ट्रिगर इनपुटला जोडावा. पीएलसीला त्याची खबर स्वतंत्र तारेने देता येते. सेन्सर अशा जागी बसवावा की कोड रीडरसमोर येण्याच्या थोडेसेच आधी खोक्याची पुढची कड त्याला दिसेल. तो फार मागे असेल आणि मधला काळ ठरावीक विलंबाने मोजला जात असेल, तर पट्ट्याच्या वेगातला लहानसा चढउतारही कोड चित्राबाहेर नेतो. वेग सतत बदलत असेल तर विलंब वेळेत न मोजता एन्कोडरच्या (पट्टा किती सरकला ते मोजणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने अंतरात मोजावा.

वाचलेला मजकूर योग्य त्याच खोक्याला जोडला जातो की नाही, हेही वेग वाढवल्यावर पुन्हा पाहावे. दोन खोक्यांच्या पुढच्या कडांमध्ये ३०० मिलिमीटर अंतर असेल, तर ०.६ मीटर वेगाने दर अर्ध्या सेकंदाला एक खोके येते. न वाचल्याचा निकालही रीडरने त्या अवधीतच द्यायला हवा. निकाल उशिरा आला तर बाजूला काढणारा दांडा चांगले खोके ढकलतो आणि न वाचलेले पुढे जाऊ देतो, आणि नुसत्या टक्केवारीत ही चूक दिसतही नाही.

प्रश्न : २० मिलिमीटर व्यासाच्या, लेथवर कातलेल्या पोलादी शाफ्टवर आम्ही लेसरने ६ मिलिमीटरचा चौरस डेटा मॅट्रिक्स कोरतो. त्यात आडवे-उभे २० चौकोन आहेत. चित्रात शाफ्टच्या लांबीभर एक चमकदार पट्टा दिसतो. रीडर २५ अंशांपर्यंत कलवून पाहिला, पण पट्टा फक्त एका बाजूला सरकतो, जात नाही. ध्रुवीकरण फिल्टर लावल्यावर तर सगळेच काळे झाले.
– गुणवत्ता विभागातील एक वाचक

उत्तर : आपले निरीक्षण अगदी नेमके आहे आणि त्यातच चूक कोणती झाली ते कळते. पट्टा बाजूला सरकला, याचा अर्थ आपण रीडर शाफ्टच्या गोलाईभोवती फिरवलात. गोल पृष्ठभागाच्या परिघावर प्रत्येक दिशेला तोंड करून असलेला एकेक चिंचोळा पट्टा असतोच. रीडर परिघाभोवती कितीही फिरवला तरी त्यांतला कोणता ना कोणता पट्टा त्याच्याशी काटकोनात येतो आणि तिथून चमक परतते. रीडर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे अक्षाकडे कलवावा. वृत्तचितीच्या पृष्ठभागाला अक्षाच्या दिशेने उतार नसतो, त्यामुळे तिकडून कललेल्या रीडरकडे तोंड केलेला एकही भाग परिघावर सापडत नाही. सपाट पाकिटाबाबत कलाची दिशा ही सोयीची बाब होती. गोल जॉबवर, म्हणजे शाफ्टसारख्या गोल वस्तूवर, सगळे तिच्यावरच अवलंबून असते.

पण कातलेल्या पृष्ठभागात एक अडचण राहते. लेथच्या हत्याराने परिघाच्या दिशेने पाडलेल्या सूक्ष्म चऱ्या चमकेला नेमके अक्षाच्या दिशेने फाकवतात. त्यामुळे अक्षाकडे कलवूनही चमक पूर्ण नाहीशी न होता मंद होऊन राहू शकते. मग घुमटाकार दिवा वापरावा, ज्याचा उजेड सर्व दिशांनी सारखा येतो. जॉबभोवती चहूकडे पांढरेच असल्यावर कोणता भाग कशाचे प्रतिबिंब दाखवतो याला महत्त्व उरत नाही. धातू एकसारखा उजळ दिसतो आणि लेसरने काळवंडलेले चौकोन त्यावर उठून दिसतात. सुईने ठोकून उमटवलेल्या ठिपक्यांच्या कोडला मात्र अनेकदा याच्या उलट, पृष्ठभागालगत खालून येणारा तिरपा उजेड लागतो. त्यात खड्ड्यांच्या कडा चमकतात आणि बाकी धातू काळा राहतो. फिल्टरने सगळे काळे का झाले, तेही यातून स्पष्ट होते : उघड्या धातूवरून परतणारा बहुतेक उजेड आरशासारखाच परततो आणि आपले ध्रुवीकरण टिकवून ठेवतो, त्यामुळे फिल्टर चमकेबरोबर चित्रही अडवतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे आपला कोड या शाफ्टसाठी रुंद आहे. गोल जॉबवरच्या कोडची रुंदी परिघाच्या पाच टक्क्यांच्या, म्हणजेच व्यासाच्या सुमारे १६ टक्क्यांच्या आत ठेवावी असा संकेत आहे. २० मिलिमीटर व्यासाचा परिघ सुमारे ६२.८ मिलिमीटर, त्याचे पाच टक्के ३.१ मिलिमीटर. आपला ६ मिलिमीटरचा कोड परिघाचे जवळपास ३४ अंश व्यापतो; त्याच्या दोन्ही कडा रीडरपासून दूर वळतात, आखूड दिसतात आणि त्यांच्यावर उजेडही वेगळाच पडतो. डेटा मॅट्रिक्स आयताकृतीही असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. त्यातल्या १२ गुणिले ३६ चौकोनांच्या आकारात आपल्या २० गुणिले २० इतकीच माहिती मावते आणि चूक सुधारण्यासाठीचा साठाही तेवढाच असतो. पाव मिलिमीटरचा चौकोन घेतल्यास हा कोड ३ गुणिले ९ मिलिमीटरचा होईल. त्याची लांब बाजू अक्षाच्या दिशेने ठेवली की परिघावर फक्त ३ मिलिमीटर खर्ची पडतात. रीडर मात्र प्रत्येक चौकोनाला पाच पिक्सेल मिळतील इतका जवळ हवा. आराखड्यात हा बदल करून घेणे शक्य असेल, तर तो दिव्याच्या खर्चाआधी करून घ्यावा.

प्रश्न : आमचा रीडर आठवडाभर उत्तम चालतो आणि साप्ताहिक साफसफाईनंतर बिघडतो. तो पट्ट्याच्या सांगाड्यावर पत्र्याच्या लांब ब्रॅकेटने बसवलेला आहे.
– एक वाचक

उत्तर : साफसफाई करणाऱ्यांना दोष देऊ नये, धक्का लागला की हलेल अशा रीतीने तो बसवला गेला आहे. ४०० मिलिमीटर अंतरावरून पाहणारा रीडर एका अंशाने जरी वळला, तरी त्याची नजर कोडच्या जागी ७ मिलिमीटर सरकते. एक अंश डोळ्यांना दिसत नाही, आणि पत्र्याचे लांब ब्रॅकेट हाताच्या दाबानेही तेवढे वाकते. ब्रॅकेट जाड आणि जमेल तितके आखूड असावे. लांबट खाचा जुळवणीपुरत्या ठीक आहेत. पण जागा एकदा नक्की झाली की तिथे भोक पाडून डॉवेल पिन (जागा पक्की करणारी घट्ट खुंटी) बसवावी, म्हणजे रीडर काढून पुन्हा लावताना तो आपोआप त्याच जागी बसेल. बोल्ट कंपनाने सैल होणार नाहीत अशी सोय करावी, आणि ब्रॅकेट व सांगाडा यांवरून जाणारी एक रंगाची रेघ ओढून ठेवावी; ती तुटलेली दिसली की काही सरकले हे कोणालाही कळते. सांगाडा फार थरथरत असेल तर जमिनीला घट्ट बसवलेला स्वतंत्र खांब करावा. पण मग पट्टाही जमिनीला तितकाच पक्का हवा, नाही तर खांब स्थिर राहील आणि पट्टा सरकेल.

केबलला रीडरजवळच आधार द्यावा, तिचा ताण कनेक्टरवर येऊ देऊ नये आणि कनेक्टरआधी केबलचा एक झोळ खाली सोडावा, म्हणजे धुण्याचे पाणी तिथून ठिबकून जाईल. आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे धूळ व पाणी आत न शिरू देणारा, रीडरही सर्व कनेक्टर नीट आवळलेले आणि न वापरलेली तोंडे झाकलेली असतानाच पाण्यापासून सुरक्षित असतो. पुढची काच मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावी. ती ॲक्रिलिकची असेल तर द्रावके वापरू नयेत, त्यांनी तिला बारीक तडे जातात.

बसवणी पूर्ण झाल्यावर अंतर, कोन, दिव्याची जागा यांची मोजमापे लिहून ठेवावीत, ब्रॅकेटचे दोन बाजूंनी फोटो काढावेत आणि रीडरच्या सेटिंगची प्रत जपून ठेवावी. रीडर बदलण्याची वेळ सहसा रात्रपाळीतच येते, आणि तेव्हा ज्याने तो बसवला तो माणूस हजर नसतो.

प्रश्न : रेघ फिरवणारा लेसर स्कॅनर असेल तर बारकोड कसा यावा?
– एक विद्यार्थी

उत्तर : लेसरच्या रेघेने बारकोडच्या सर्व रेघा एका दमात ओलांडायला हव्यात. लेसरची रेघ पट्ट्याला आडवी आणि बारकोडच्या रेघा प्रवासाच्या दिशेला समांतर ठेवल्या, तर कोड पुढे सरकताना एकाच रेघेचे वेगवेगळे भाग तपासले जातात. रेघांची लांबी २० मिलिमीटर, वेग सेकंदाला ५०० मिलिमीटर आणि स्कॅनरच्या सेकंदाला ५०० फेऱ्या असतील, तर कोड ४० मिलिसेकंद समोर राहतो आणि त्याला २० फेऱ्या मिळतात. एखाद्या ठिकाणी छपाई उडालेली असली तरी दुसऱ्या ठिकाणी वाचन होते. चमक टाळण्यासाठी हाही थोडा कलता बसवावा. लेसरचा झोत माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर आडवा जाणार नाही, याची काळजी मात्र जागा ठरवतानाच घ्यावी.

प्रश्न : नव्याने बसवलेल्या रीडरची आम्ही ३०० खोक्यांवर चाचणी घेतली, एकही चुकले नाही. आता तो स्वीकारावा का?
– प्रकल्प विभागातील एक वाचक

उत्तर : ३०० पैकी शून्य चूक, यावरून ९५ टक्के खात्रीने इतकेच म्हणता येते की चुकीचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक नसावे. दिवसाला दहा हजार खोकी जात असतील, तर एक टक्का म्हणजे शंभर खोकी. हजारात एकाहून अधिक चूक नको असेल, तर सुमारे ३००० खोकी एकही न चुकता जावी लागतात. आणि ती एकाच चांगल्या रोलवरची लेबले नकोत. फिकट छपाईची, थोडी तिरकी चिकटलेली, सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या खोक्यांवरची लेबले मुद्दाम त्यात मिसळावीत. पट्टा ठरलेल्या सर्वाधिक वेगाने चालवावा. आणि खिडकीतून ऊन येत असेल तर त्या वेळेचीही एक फेरी घ्यावी. त्या फेरीत काही न वाचलेले निघालेच, तर त्यांची चित्रे साठवून ठेवावीत आणि सेटिंगला हात लावण्याआधी ब्रॅकेट, कोन आणि दिवा तपासून पुन्हा ३००० मोजावेत.